बारा आकड्यांचा भाता

१

माझ्या दुकानाच्या दारावर एक पाटी आहे: ‘किंमत सांगू ती देऊ.’ बाबांनी रंगवलेली. मी अक्षरं दोनदा गिरवून घेतली, शब्द बदलले नाहीत. जुनं वाद्य घेऊन या, मी तपासते, किंमत सांगते. तुम्ही ‘घ्या’ म्हणालात तर तेवढ्याच पैशांत ते मला घ्यावंच लागतं. बाबा म्हणायचे, तोंडाने किंमत कोणीही सांगतो, स्वतःच्या खिशात हात घालायची वेळ आली की माणूस खरं बोलायला लागतो. त्यामुळे फुगवून सांगायची सोय नाही, आणि अडलेल्या माणसाला पाडून सांगायची आमच्या घरात लाज वाटते.

मी फक्त भात्याची वाद्यं बघते. हाताने हवा भरायची आणि बटणं नाहीतर पट्ट्या दाबायच्या, ती. पेट्या, अकॉर्डियन, कधीमधी एखादी कॉन्सर्टिना, म्हणजे दोन हातांत धरून ओढायची-दाबायची छोटी सहाकोनी बाजाची पेटी. पाठीमागे लोक मला भातेवाली म्हणतात. म्हणोत. अठ्ठावन्नाव्या वर्षी कोणी काहीतरी म्हणतंय हेच खूप झालं.

दुकानाच्या वरच्या खोलीत माझी ताई राहते. माझ्याहून सात वर्षांनी मोठी. सगळं आयुष्य छापखान्यात खिळे जुळवण्यात गेलं, आणि छाती तिथेच ठेवून आली. डॉक्टरांनी तिला ते तीन चेंडूंचं प्लास्टिकचं यंत्र दिलंय. नळी तोंडात धरून हवा आत ओढायची, की एकेक चेंडू आपापल्या कप्प्यात वर चढतो. ताई रोज सकाळी साडेअकराला ते करते आणि निकाल मला काठीने जमिनीवर ठोकून कळवते. एक चेंडू, एक ठोका. तिची जमीन म्हणजे माझं लाकडी छत, त्यामुळे ठोका थेट माझ्या डोक्यात बसतो. रोज दोन ठोके येतात. दोन चेंडू ती सात आकडे होईपर्यंत वर धरून ठेवते. तिसरा चेंडू चार वर्षांत जागचा हललेला नाही. त्याला ती जावईबापू म्हणते. बसलेत तर बसू देत, म्हणते.

२

त्या दिवशी अकराच्या सुमाराला एक टेलरमास्तर आले. गळ्यात टेप तशीच राहिली होती, शर्टाच्या खिशाला खडूचा डाग. हातात सहा कोनांची काळी पेटी. ती टेबलावर ठेवताना त्यांनी आवाज होऊ दिला नाही.

“मेहुण्याची आहे,” ते म्हणाले. “बायकोचा भाऊ. तो गेला तेव्हापासून आमच्या कपाटावर पडून आहे. आमच्यात कोणी वाजवत नाही.”

“विकायची आहे?”

“तुम्ही किंमत सांगा फक्त.” मग दाराकडे बघून त्यांनी पाटी मोठ्याने वाचली. “हे खरं आहे ना अजून?”

“पाटी खोटी असती तर रंगाचे पैसे वाया घालवले नसते.”

ते स्टुलावर बसले. पाठ ताठ, हात गुडघ्यांवर. मी पेटी उघडली.

जुनी कॉन्सर्टिना चांगली निघाली की मला भूक लागते. ही चांगली होती. दोन्ही बाजूंना शिसवी लाकडाची कोरीव जाळी, एकही पाकळी तुटलेली नाही. हाडाची तीस बटणं, पिवळी पडलेली पण खचलेली नाहीत. एकेक बटण दाबून बघितलं: एक सूर ओढताना, दुसरा दाबताना. आत सुराच्या पात्या, म्हणजे रीड, पोलादी असणार, पितळेच्या असत्या तर आवाज इतका धारदार आला नसता. माझ्या डोक्यात किंमत जमायला लागली. ती अशीच जमते, खालून वर. आधी लाकूड, मग रीड, मग बटणं. भाता शेवटी.

एक गोष्ट मात्र खटकली. मास्तर कॉन्सर्टिनाकडे बघतच नव्हते, माझ्याकडे बघत होते. तेही छातीकडे. शिंप्याची नजर आहे, माप घ्यायची सवय असेल, असं म्हणून मी पदर सारखा केला आणि त्यांच्याकडे असं बघितलं की त्यांनी मान खाली घातली. ते माझा श्वास बघत होते हे मला नंतर कळलं.

३

भात्याची परीक्षा सोपी असते. वाद्य एका बाजूने पट्ट्याला धरून उंच धरायचं आणि दुसरी बाजू सोडून द्यायची. खालची बाजू आपल्या वजनाने उतरते, भाता उघडत जातो, आणि तो पूर्ण उघडेपर्यंत आपण आकडे मोजायचे. हवा जितकी कमी गळते तितका भाता हळू उघडतो. बाबांनी मला घड्याळ लावू दिलं नाही, मोजायचं ते तोंडाने, एका लयीत. बारा आकड्यांचा भाता म्हणजे उत्तम. चारला उघडला तर गळका. दोनला उघडला तर गिऱ्हाइकाला पाणी द्यायचं आणि मग बोलायचं.

ही चारला उघडली. बारीक सुस्कारा ऐकू आला.

गळती शोधायला मी ओठ ओला करून भात्याच्या घड्यांवरून फिरवते. दिसायला बरं नाही, पण ओठाइतकं काही शहाणं नसतं. तिसऱ्या घडीत सापडली. सुईच्या टोकाएवढं भोक. त्याच्याभोवती पातळ चामड्याची गोल कडी बसवलेली, चांगली वाटाणा मावेल एवढी, कडा सुरेख तासलेल्या. मला हसू आलं. एवढ्याशा भोकासाठी एवढी मोठी कडी? कोणी शहाणा दुरुस्त करायला गेला आणि भोकच बुजवायचं विसरला.

आमच्या कामात भात्याची किंमत भोकासकट करत नाहीत. भोक पाच मिनिटांचं काम असतं, त्यापायी मालकाचं नुकसान कशाला? आधी बुजवायचं, पुन्हा मोजायचं, मग बोलायचं. आमच्यातल्या कोणीही हेच केलं असतं. मी सरस तापवला, शेळीच्या चामड्याचा तुकडा कडीच्या मापाने कापला.

मास्तर उठून उभे राहिले. “बाई, ते तसंच राहू दिलं तर?”

“तसंच राहिलं तर तुम्हाला निम्मी किंमत मिळेल. बसा.”

ते बसले. अडवायचं तर तेव्हाच अडवायला हवं होतं, हे त्यांना कळत होतं. तोंडावर दिसत होतं. मी चामडं चिकटवलं आणि अंगठा दाबून धरला.

४

वाळल्यावर पुन्हा टांगली. एक, दोन, तीन. छान हळू उतरत होती. आठ, नऊ. बारा झाले तरी भाता अर्धाच उघडला होता. मला अभिमान वाटला, स्वतःच्या चामड्याचा. पंधराला ती थांबली.

मग वर आली.

खालची बाजू, लाकूड आणि पोलाद मिळून दीडेक किलोची, कोणी हात न लावता वर चढली. सावकाश. घड्या एकेक करून मिटल्या. वर टेकली, आणि परत उतरायला लागली.

मी डोकं चालवलं. नवीन चामडं आखडतं. आत जुना पुठ्ठा असतो, सरसाच्या ओलीने वाकडा होतो. माझ्या हाताला कंप असेल. मी हात कपाटाच्या खिळ्याला टेकवला आणि परत बघितलं. खाली, वर. माझा हात दगडासारखा स्थिर होता आणि आत एकही सूर वाजत नव्हता. बटण दाबल्याशिवाय हवेला वाट नसते. बुजवलेल्या भात्यात वाट कुठली, हवा कुठली?

मी तिला टेबलावर ठेवली आणि दोन्ही बाजू मिटवून चामडी पट्ट्याने आवळून टाकली. मास्तर माझ्या टेबलाच्या पायाकडे बघत होते.

“असं घरी करते का ही?” मी विचारलं.

“घरी कपाटावर असते,” ते म्हणाले. हे उत्तर नव्हतं.

साडेअकरा झाले. वर खुर्ची सरकली. ताईचा एक ठोका आला. मी दुसऱ्याची वाट बघितली. तो आला नाही. छताच्या फळ्यांच्या फटीतून तिचा श्वास ऐकू येत होता, एरवी कधी येत नाही. आखूड, तुटका. आणि टेबलावरची कॉन्सर्टिना पट्ट्याच्या आत फुगत होती. ताई ओढायची तेव्हा फुगायची. पट्ट्याचं बक्कल करकरत होतं.

मी जिना चढताना दोन दोन पायऱ्या घेतल्या.

५

ताई खिडकीजवळच्या खुर्चीत होती. ओठ राखेच्या रंगाचे. यंत्र मांडीवर, तिन्ही चेंडू तळाला.

“तुझ्या डॉक्टरला सांग, यंत्र बिघडलंय,” ती म्हणाली. एवढ्याला तिला तीन श्वास लागले.

मी नळी पुसली, तोंडात धरली, ओढलं. तिन्ही चेंडू टणकन वर गेले. यंत्र धडधाकट होतं. मी ते खाली ठेवलं, आणि ताईने माझ्याकडे बघितलं. तिची ती नजर मी लहानपणापासून ओळखते. तिच्यासमोर खोटं बोलायचं तर आधी खोलीबाहेर जावं लागतं.

“छोटी, खाली कोण आहे?”

“एक टेलरमास्तर.”

“तो नाही. मी ओढते तेव्हा अजून कोणीतरी ओढतं. रस्सीखेच खेळल्यासारखं.” ती थांबली, जमवला श्वास. “आणि ते माझ्याहून दांडगं आहे.”

मला भीती वाटली, हे इथे लिहून टाकते. पण भीतीपेक्षा राग मोठा होता. माझ्या दुकानात येऊन माझ्या बहिणीचा घास कोण काढून घेतंय?

६

खाली येऊन मी स्क्रू काढायला घेतले. सहा कोनांचे सहा. डावी जाळी सुटली, रीडची फळी बाजूला केली आणि दिवा घेऊन भात्यात आरसा घातला. दुरुस्ती करणारे आत पेन्सिलीने तारीख आणि केलेलं काम लिहून ठेवतात. पुढच्याला उपयोग होतो. बाहेरून लिहिलं तर मालक रागावतो.

तिसऱ्या घडीजवळ बारीक, डावीकडे झुकलेलं अक्षर होतं. ते अक्षर ओळखायला मला दिवाही लागला नसता. पाटीवर तेच आहे.

‘तपासली. वाटाण्याएवढं भोक पाडून कडी बसवली. बुजवू नये. किंमत सांगितली नाही.’

खाली तारीख. मी तेव्हा बारा वर्षांची होते, ताई एकोणीस. त्या वर्षी ताई अचानक आजारी पडली होती. धाप लागायची, डॉक्टरांना काही सापडेना. आणि एके दिवशी बाबांनी भर दुपारी दुकान बंद केलं, वर आले, ताईच्या उशाशी बसून राहिले. ती संध्याकाळी उठून जेवली. बाबा काही बोलले नाहीत. नंतर कधीही बोलले नाहीत. सगळ्या जन्मात ज्या माणसाने एकदाही किंमत सांगायचं टाळलं नाही, त्याने एकदा टाळलं होतं.

ती कडी दुरुस्तीची नव्हतीच. भोक उघडं राहावं म्हणून होती, आत जे होतं त्याने तिथून हवा ओढावी, माणसांच्या छातीतून नाही. आणि कान टोचून काही घातलं नाही की जसं बुजतं, तसं ते कडीच्या आत बुजत आलं होतं. शेहेचाळीस वर्षांत वाटाण्याचं सुईचं टोक झालं. उरलेलं मी बुजवलं, स्वतःच्या हाताने, अभिमानाने.

मी सुरीने ते चामडं खरवडून काढलं. खाली भोक नव्हतं. कडीच्या आत नवी, गुळगुळीत, फिकट कातडी होती. बोट लावलं तर कोमट लागली.

“मास्तर,” मी म्हणाले, “आता बोला.”

७

ते रडले नाहीत, पण रडल्यासारखं बोलले. कपाटावरून नेहमी बारीक सुस्कारा यायचा. लग्न झाल्यापासून ऐकत आले होते. मेहुणा जिवंत असताना त्याच्या घरी, तो गेल्यावर यांच्या घरी. सवय झाली होती. मग तो आवाज बारीक होत गेला. दोन महिन्यांपूर्वी थांबला.

“तेव्हापासून बायको बसून झोपते,” ते म्हणाले. “आडवी झाली की जीव घाबरा होतो तिचा. मेहुणाही शेवटी बसूनच झोपायचा.” टेपचं टोक त्यांच्या बोटांत गुंडाळलं गेलं होतं. “कोणीतरी सांगितलं, तुमच्याकडे किंमत सांगितली की तुम्ही ठेवूनच घेता. म्हणून आलो. वर कोणी राहतं हे माहीत नव्हतं, बाई. आईशप्पथ नव्हतं माहीत.”

“घेऊन जा,” मी म्हणाले.

त्यांनी हुज्जत घातली नाही. हे मला जास्त लागलं. निमूटपणे उठले, जाळी आणि फळी काळजीने जागेवर बसवली, पेटी जवळ घेतली. ते दारापर्यंत पोचले आणि मला डोळ्यांसमोर एक बाई दिसली, माझ्या ओळखीची नसलेली, भिंतीला टेकून बसून झोपलेली.

“थांबा,” मी म्हणाले.

नवीन भोक पाडता आलं असतं. तेही बुजलं असतं, या वेळी किती वर्षांत कोण जाणे. भोक पाडून बाबांनी ती पुढच्या घरात ढकलली होती. मी बाबांना फार मानते, पण त्या क्षणी मला त्यांचा राग आला. भाता उभा फाडून टाकायला हवा होता. त्यांनी तो फाडला नाही, कारण दुसऱ्याचं वाद्य आमच्यात कोणी फाडत नाही. आपलं करून घ्यायचं तर किंमत सांगावी लागली असती. आणि किंमत सांगितली असती तर ती आपल्या घरची झाली असती, जिथे वर दोन मुली झोपत होत्या.

जिन्यावर काठी वाजली. ताई वरच्या पायरीवर येऊन बसली होती. वर्षभरात ती खोलीबाहेर पडली नव्हती.

“सगळं ऐकू येतं वर,” ती म्हणाली. “सांग किंमत.”

“ताई, तू आत जा. तुझ्या जिवाशी खेळ आहे हा.”

“माझ्या आहे ना? मग तू का भाव खातेस?” तिने श्वास घ्यायला कठडा धरला. “एकोणिसाव्या वर्षी मला कोणी विचारलं नव्हतं. आता विचार. मी म्हणते, सांग.”

मी मास्तरांकडे वळले. “अठ्ठावन्न हजार.”

“फुकट घ्या, बाई. मी पैसे कसे घेऊ?”

“फुकट घेतलेली वस्तू आपली होत नाही. पोलादी रीड आहेत, हाडाची बटणं, जाळी अखंड. आणि भाता...” इथे माझा आवाज जरा चढला, “भाता इतका चांगला मी जन्मात बघितलेला नाही. एक पैसा कमी सांगितला तर ती किंमत खोटी ठरेल. घ्या म्हणता का?”

“घ्या,” मास्तर म्हणाले.

मी गल्ल्यातून आणि गल्ल्याच्या मागच्या डब्यातून काढून दिले. त्यांचा हात माझ्या हाताला लागला तेव्हा पेटीत काहीतरी वळलं, झोपलेलं माणूस कूस बदलतं तसं. दोघांनाही ऐकू गेलं.

“मी माझ्या खुर्चीत जाते,” ताई वरून म्हणाली. “मला तिथूनच भांडायला बरं पडतं.”

८

चामडं कापायची सुरी अर्धचंद्राची असते. मी ती दगडावर तीनदा फिरवली. दुपारचे सव्वाबारा झाले होते, रस्त्यावर ऊन होतं, कोणीतरी सायकलची घंटी वाजवत गेलं. असल्या उजेडात मला कोणी घाबरवू शकेल असं मला वाटत नव्हतं.

मास्तरांनी उजवी बाजू धरली, मी डावी. आम्ही ओढलं आणि भाता ताणला. तो परत ओढत होता. मास्तरांचे दंड थरथरले. वरून ताईचा श्वास येत होता, ओढ, ओढ, आणि आत काही जात नसल्याचा तो आवाज.

“सोडू नका,” मी म्हणाले आणि तिसऱ्या घडीत सुरी घातली.

पुठ्ठा कापल्यावर कोरडा खर्रर्र आवाज येतो. तो आला नाही. सुरी लोण्यातून जावी तशी गेली. कापलेल्या कडा ओल्या होत्या, आणि आतून गुलाबी. मघाशी याच भात्यात मी आरसा घातला होता, तेव्हा तिथे पुठ्ठा होता, पेन्सिलीचं अक्षर होतं. आता फटीत दिव्याचा उजेड पडला आणि खोलवर, जितकी जागा त्या वाद्यात असूच शकत नाही तितक्या खोलवर, काहीतरी उजेडापासून मागे सरकलं. मोठं होतं. एवढंच बघितलं. जास्त बघितल्याचं मी कधी सांगितलं तर ते खोटं समजा.

मग त्याने एक श्वास घेतला. दाराचा पडदा आत ओढला गेला. टेबलावरचा चामड्याचा भुसा फटीकडे सरपटत गेला. माझ्या छातीतली हवा मी न सोडता बाहेर पडली. मी सुरी तशीच खाली ओढली, शेवटच्या घडीपर्यंत, आणि दोन तुकडे आमच्या हातांत वेगळे झाले.

दोन्ही तुकडे कोरडे होते. जुना पुठ्ठा, जुनं चामडं.

वरून काहीच आवाज नव्हता. श्वासाचाही नाही.

मी मोजायला लागले. दुसरं काय करणार? एक, दोन. मास्तर जिन्याकडे धावायला निघाले तर मी त्यांचं मनगट धरलं, का ते मला माहीत नाही. सात. आठ. मला वाटलं, मी बहिणीची किंमत सांगितली आणि ती कोणीतरी घेतली. अकरा. बारा.

काठीचा ठोका आला. मग दुसरा. मग तिसरा.

९

मी वर पोचले तेव्हा ताईच्या ओठांना रंग आला होता. ती सरळ बसली होती, आणि मी चार वर्षांत बघितला नव्हता असा लांब श्वास आत गेला, बाहेर आला. मांडीवर यंत्र. तिन्ही चेंडू वर टेकलेले. जावईबापूसुद्धा.

“बघ,” मी म्हणाले. मला रडू येत होतं. “ओढलास की नाही तिसरा.”

“मी नाही ओढत गं,” ताई म्हणाली.

नळी तिच्या हातात नव्हती. खुर्चीच्या हातावरून खाली लोंबत होती, तिचं तोंड मोकळ्या हवेत. चेंडू खाली आले नाहीत. थरथरत होते, पण वरच होते.

मास्तर दारात होते, त्यांनीही बघितलं. मग मी नळी उचलली आणि नळीच्या तोंडावर अंगठा दाबला. अंगठ्याची कातडी आत ओढली गेली. जोर होता. मी दाबून धरलं आणि मोठ्याने मोजलं. चाळीस झाले तेव्हा पहिला चेंडू पडला, मग दुसरा. जावईबापू सर्वांत शेवटी.

“फेकून देऊ का?” मी विचारलं.

“कुठे फेकणार? कोणाच्या घरात?” ताई म्हणाली. “किंमत मोजलीस ना? आपलं आहे. इथेच राहू दे, डोळ्यांसमोर.”

रीड आणि बटणं मी पत्र्याच्या डब्यात ठेवली आहेत, विकायची नाहीत. भाता जाळला. मास्तर दर आठवड्याला येतात. त्यांची बायको आता आडवी झोपते, घोरते म्हणे, आणि त्यांची झोप उडाली म्हणून तक्रार करतात. तक्रार करताना त्यांचा चेहरा बघण्यासारखा असतो.

रोज साडेअकराला मी दुकानाला कडी लावून वर जाते. आधी ताई ओढते, मी मोजते. मग ती नळी सोडून देते, आणि आम्ही थांबतो. थोड्या वेळाने चेंडू आपोआप चढतात. मी अंगठा लावते आणि मोजते. जुन्या वस्तूत किती शिल्लक आहे हे मोजायचं माझं पोटापाण्याचं काम आहे, मला कोणी फसवू शकत नाही. आकडे मी किमतीच्या चिठ्ठीवर लिहिते, आणि ती चिठ्ठी ताईच्या खुर्चीला बांधलेली आहे, कोणालाही वाचता येईल अशी. पहिल्या दिवशी त्याचे चाळीस होते, ताईचे सात. त्या आठवड्याच्या शेवटी चौतीस. मध्ये एकदा एका दिवसात त्याने परत छत्तीसपर्यंत मजल मारली, त्या दिवशी ताई जेवली नाही आणि मला म्हणाली, उद्या लवकर उठव. दुसऱ्या दिवशी एकोणतीस.

आज सकाळी त्याचे नऊ झाले. ताईचे बारा.